झाकणांची रांग

देशाच्या आर्थिक वाढीतला एक अडथळा म्हणून माझी सरकारदरबारी नोंद झालेली आहे. नोंदीपुढे 'स्थायी स्वरूपाचा' असा शेरा आहे, शेऱ्याखाली शिक्का आहे, आणि शिक्का सरळ आहे. आमच्याकडे सरळ शिक्का फार क्वचित बसतो, त्यामुळे प्रकरण बरंच वरपर्यंत गेलं असणार. पण ते आपण आत्ता विसरून जाऊ. तसं काही घडलेलंच नाही, मी एक साधा, होतकरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला तरुण आहे, असं धरून चालू. मीही तसंच धरून चालतो. दाढी करताना त्याचा फार उपयोग होतो.

तर, बाजार खुला झाला.

म्हणजे नक्की काय झालं, हे आमच्या घरात कुणाला कळलं नव्हतं. रेडिओवरच्या बाईंनी सांगितलं, की कुणी काय बनवायचं, कुणी काय विकायचं आणि किती, हे आजपासून सरकार सांगणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा. बाबांनी रेडिओचा आवाज वाढवला. काय ठरवायचं ते पुढे सांगतील, अशी त्यांची समजूत होती. पुढे गाणी लागली.

बाबा नियोजन खात्यातून निवृत्त झालेले. कुठल्या गावाला किती चमचे लागतील हे ते पाच वर्षं आधी सांगत. त्यांचे आकडे कधी चुकले नाहीत. गावं चुकायची.

मी झाकणांच्या कारखान्यात होतो. अर्धं गाव तिथेच होतं. आमच्या कारखान्यात फक्त झाकणं व्हायची. भांडी दुसऱ्या गावात व्हायची आणि झाकणाच्या मुठी तिसऱ्या. ही रचना ज्याने केली तो दूरदृष्टीचा माणूस असावा, कारण त्यामुळे कुठलंच गाव आख्खं पातेलं घेऊन पळून जाऊ शकत नव्हतं. मी गुणवत्ता विभागात होतो. झाकण गोल आहे की नाही हे मी बघायचो. गोल असायचं.

बाजार खुला झाल्यावर भांड्यांचा कारखाना कुणीतरी विकत घेतला आणि तिथे लग्नाचा हॉल काढला. मुठींचा कारखाना ज्या गावात होता, ते गाव दुसऱ्या देशात गेलं. गाव हललं नव्हतं, देश हलला होता. राहिलो आम्ही, मधोमध भोक असलेली झाकणं घेऊन. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या झाकणांना मूठच नव्हती, त्यामुळे किंमत निघेना. शेवटी मोठ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुझ्यासारखा माणूस मला मिळाला नाही," ते म्हणाले. "पगार आता कुणालाच नाही. पण तू म्हणून सांगतो, गोदामातली थोडी खोकी घेऊन जा. बाहेर कुणाला बोलू नकोस. लोकांना वाईट वाटेल."

मला भरून आलं. माझ्या गोल-गोल बघण्याची कुणीतरी दखल घेतली होती. मी संध्याकाळी हातगाडीवर खोकी लादली, वरून चादर टाकली आणि घरी आलो. वाटेत चादरी टाकलेल्या आणखी बऱ्याच हातगाड्या दिसल्या. मला वाटलं, गावात घरं बदलणाऱ्यांची संख्या वाढली आहे. खुल्या बाजाराची लक्षणं.

इथे भावोजींचा प्रवेश होतो. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. लग्न झाल्यापासून दोघं आमच्याकडेच असतात, तात्पुरते. भावोजींना स्वतःचा व्यवसाय नाही, पण दुसऱ्याच्या व्यवसायाबद्दल त्यांचं ज्ञान अफाट आहे.

"उद्योगपती," ते मला म्हणाले (त्या दिवसापासून ते मला हेच म्हणतात, आणि दरवेळी ताई खोकते), "या देशात प्रत्येक घरात एक तरी भांडं उघडं आहे. लोक वर ताटली ठेवतात. हा देश ताटल्यांखाली दबलाय. तू त्याला झाकण दे."

मी विचार केला आणि तो पटला. माझ्या बहुतेक संकटांचं वर्णन या एका वाक्यात होतं.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या. पुढची मोठी, रस्त्याला लागून, खिडकीची. मागची लहान, तिच्यातच स्वयंपाक. पुढच्या खोलीत दुकान काढायचं ठरलं आणि मी बाजार-मुक्ती कार्यालयात गेलो. हे कार्यालय पूर्वी बाजार-नियंत्रण कार्यालय होतं. पाटी बदलली होती, खिडकी तीच होती, आणि खिडकीतल्या बाईही त्याच होत्या.

"दुकान कुठे?" बाईंनी विचारलं.

"आमच्या पुढच्या खोलीत."

"तिथे कोण राहतं?"

"आम्हीच."

"मग उद्यापासून नाही राहायचं. व्यापारी जागेत संसार चालत नाही. अंथरूण दिसलं तर सील."

"आणि दुकान नाही चाललं तर? खोली परत राहायला मिळेल ना?"

"मिळेल की. दुकान बंद केलं की खोली तुमची. पण बंद करायला ते आधी उघडलेलं पाहिजे."

"उघडणारच आहे, सोमवारी."

"शटर नव्हे हो. उघडलेलं म्हणजे पहिली विक्री झालेली. आणि पहिलं गिऱ्हाईक बाहेरचं हवं, नात्यातलं नको. पहिलंच गिऱ्हाईक घरचं निघालं, तर दुकान घरगुती ठरतं. मग ते ना उघडतं ना बंद होतं."

"मग काय होतं?"

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "ते अजून कुणी विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकी लावली.

त्या रात्रीपासून आम्ही पाच जण मागच्या खोलीत झोपू लागलो. बाबांचं डोकं कपाटाखाली आणि पाय मोरीत. मी उभ्याआडव्याच्या मधल्या एका अवस्थेत, जिला भूमितीत नाव आहे पण शरीरशास्त्रात नाही. कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची. भावोजी घोरता घोरता 'हं, चला' म्हणायचे आणि आम्ही वळायचो. बाबा काही बोलत नव्हते. आमच्या घरात बाबांचं न बोलणं हा बोलण्याचा सर्वांत गंभीर प्रकार आहे. आई मात्र बोलली. भाजी चिरायला तिला मांडीशिवाय जागा उरली नव्हती, आणि मांडीवर ताईचे पाय होते.

"एक झाकण विक," ती म्हणाली. "एकच. कुणालाही. मग ते दुकान बंद कर आणि मला माझं घर परत दे."

एक झाकण. ऐकणाऱ्याला वाटेल, त्यात काय. मलाही तसंच वाटलं होतं.

सोमवारी शटर वर केलं. पाटीवर नुसतं 'दुकान' असं लिहिलं होतं. साहेबांना शब्द दिला होता, कुणाला बोलणार नाही म्हणून. मग पाटीवर 'झाकणं' कसं लिहिणार? भावोजींनाही ते आवडलं. "उत्सुकता टिकवायची," ते म्हणाले. उत्सुकता उत्तम टिकली. लोक यायचे, शटरच्या आत डोकावायचे, मला बघायचे, आणि जवळच्या माणसाला दवाखान्यात भेटून परततात तसे पाय न वाजवता निघून जायचे.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. समोरच्या शिंप्याने सांगितलं, शटर फार वर घेतलंय, अर्धवट ठेव, लोकांना वाटलं पाहिजे आत काहीतरी चाललंय. मी अर्धवट ठेवलं. आतल्या आत मलाच काहीतरी चाललंय असं वाटायला लागलं. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने सांगितलं, तू फार हसतोस, हसणाऱ्या दुकानदाराकडे माल नसतो. मी हसणं थांबवलं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की लोक आईला जिन्यात गाठून विचारू लागले, घरी सगळं ठीक आहे ना.

शेवटी मी वरच्या मजल्यावरच्या काकूंना थेट विचारलं. काकू कारखान्याच्या खानावळीत होत्या. स्पष्टवक्त्या. त्यांच्या स्पष्टपणामुळे खानावळ दोनदा बंद पडली होती.

"काकू, तुम्ही परवा दारापर्यंत येऊन परत का गेलात?"

"आत येणारच होते रे," काकू म्हणाल्या. "पण रांग नव्हती. म्हटलं, काहीतरी खोट असणार."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही चूक फक्त आमच्याच गावात होऊ शकते. बिनरांगेची वस्तू आम्ही आयुष्यात घेतलेली नाही. साबण, चपला, उशा, काचेचे पेले, सगळं रांगेतून आलं. आई-बाबा रांगेत भेटले, विजेच्या दिव्यांच्या. ताईचं लग्न रांगेत जमलं, उशांच्या. भावोजी तिच्या पुढे होते, शेवटची उशी त्यांना मिळाली आणि ती ताईला मिळवायची तर एकच मार्ग होता. आमच्याकडे माणूस रस्त्यात रांग बघतो, तिच्या टोकाला जातो आणि विचारतो, "शेवटचं कोण?" जो 'मी' म्हणतो त्याच्या मागे उभा राहतो. मग श्वास घेतो. आणि मग, सवड मिळाली तर, विचारतो की कशाची आहे.

"मग लावा रांग," भावोजी म्हणाले. "घरात पाच माणसं आहेत. ती काय कामाची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत बसलो आणि बाकीचे बाहेर उभे राहिले. पहिले बाबा. मागे आई, मग ताई, मग भावोजी. आईने उभ्या उभ्या विणकाम काढलं. रांग अगदी खरी दिसावी म्हणून ताईने भावोजींशी भांडण काढलं. ते ठरलेलं नव्हतं, पण चांगलं झालं.

पाच मिनिटंही गेली नसतील. छत्री घेतलेले एक गृहस्थ थांबले. आकाश निरभ्र होतं, पण ते कारखान्यात कायम रात्रपाळीला असत आणि त्यांना उन्हाची सवय नव्हती.

"शेवटचं कोण?"

"मी," भावोजी म्हणाले.

"काय देतायत?"

भावोजींनी खांदे उडवले. ताईने उडवले. प्रश्न पुढे सरकत बाबांपर्यंत आला. बाबा खोटं बोलत नाहीत, आणि बोलायचं नाही असंही ठरलं होतं. "काही सांगता येत नाही," बाबा गंभीरपणे म्हणाले.

यापेक्षा मोठी जाहिरात आजवर कुणी केली नसेल. छत्रीवाल्यांनी मान डोलावली आणि छत्री घट्ट धरली. जेवणाच्या वेळेपर्यंत रांग न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली होती. काकू खाली आल्या, रांगेकडे बघून मला म्हणाल्या, "आता कसं दुकान वाटतंय," आणि टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

आता घरच्यांनी बाजूला व्हायचं, छत्रीवाल्यांना पुढे घ्यायचं, एक झाकण विकायचं आणि खोली परत. मी बाहेर आलो.

"बाबा, झालं काम. व्हा आता बाजूला."

"का?" बाबा म्हणाले.

"का म्हणजे? तुम्ही घरचे. तुमची विक्री झाली तर दुकान घरगुती ठरेल."

"मी रांगेत आहे."

"अहो, रांग आपणच लावलीय."

"रांग कुणी लावली ते बघायचं नसतं. लागली की लागली."

मी त्यांच्या कोपराला हलकेच धरलं. मागून छत्रीचं टोक माझ्या खांद्यावर टेकलं. "अहो दुकानदार," छत्रीवाले म्हणाले, "रांगेतल्या माणसाला हात लावायचा नाही. सकाळपासून उभे आहेत ते. वयाचा तरी मान ठेवा." मागे लोक कुजबुजले. नवीन दुकानदार माजलेत, असं कुणीतरी म्हणालं. नवीन दुकानदार गावात मी एकटाच होतो.

बाबांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली केला. "मी सगळी नोकरी चमच्यांचा हिशेब केला," ते म्हणाले. "गावाला किती चमचे, मीच ठरवायचो. मग दुकानावर रांगेत उभा राहायचो. माझ्यापुढच्या माणसाला शेवटचा चमचा मिळायचा आणि खिडकी बंद. दरवेळी. मीच ठरवलेला आकडा, आणि मी त्याच्या एकाने मागे. आज माझ्यापुढे कुणी नाही. कसं दिसतं ते बघू दे जरा."

"काय दिसतंय?"

"तू दिसतोयस," बाबा म्हणाले. "पण सवय होईल."

आपलेच दात, आपलेच ओठ. ज्या माणसाला खोली सगळ्यांत जास्त हवी होती, तोच दारात उभा होता. मी आत जाऊन बसलो.

पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, रांग हलेना. पण ती वाढत होती, आणि नुसती वाढत नव्हती, पिकत होती. शिंप्याने स्टुलं आणून भाड्याने द्यायला सुरुवात केली. न्हाव्याने रांगेतल्या रांगेत दाढ्या सुरू केल्या. गिऱ्हाईक हलणार नाही याची इतकी खात्री त्याला दुकानातही नव्हती. एक बाई आत काय आहे याची बातमी विकायच्या. सकाळची बातमी घोंगड्यांची असे, दुपारची पारपत्रांची. दुपारची महाग पडायची. भावोजींनी आपली जागा छत्रीवाल्यांच्या मेहुण्याला विकली, त्याने ती छत्रीवाल्यांना विकली, आणि भावोजी पुन्हा टोकाला जाऊन नवी जागा धरून आले. लवकरच जिन्याखाली टेबल टाकून ते जागांची खरेदी-विक्री करू लागले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना काम होतं. ताईने खोकणं बंद केलं.

"पण रांग हलतच नाही," मी त्यांना म्हणालो. "मग जागेला भाव कसा येतो?"

"हलत नाही म्हणूनच भाव टिकून आहे, उद्योगपती," भावोजी म्हणाले. "हलली तर बसेल ना सगळं."

आख्ख्या रस्त्यावर बेकार असा एकच माणूस उरला होता, आणि तो दुकानाचा मालक होता. माझी पत तर पार धुळीला मिळाली. पाय मोकळे करायला बाहेर पडलो की परत आत येताना लोक अडवायचे. 'दुकानदार असाल हो, पण मध्ये घुसायचं नाही.' एकदा मला माझ्याच दारापर्यंत पोचायला टोकापासून उभं राहावं लागलं. मी विचारलं, 'शेवटचं कोण?' आणि ज्यांनी हात वर केला ते खिडकीतल्या बाईंचे यजमान होते. त्यांनी मला दुकानदाराबद्दल बरंच काही सांगितलं. माणूस पैशावर लोळतो, असं कळलं.

रात्री मात्र आम्ही पाच जण 'हं, चला' म्हणून वळत होतो.

शेवटी कोंडी आईने फोडली. ती बाबांच्या मागे उभी होती, विणता विणता. स्वेटर संपून गेला होता, आता ती सवयीने विणत होती. एक बाही गुडघ्यापर्यंत आली होती.

"अहो," ती म्हणाली, "पुढे बघून झालं असेल तर जरा मागे बघा."

बाबांनी मागे बघितलं.

"दिव्यांच्या रांगेत भेटलो तेव्हाही मी तुमच्या मागे होते," आई म्हणाली. "तेव्हापासून मागेच आहे. मला पण बघू दे की, पुढे कुणी नसलं की कसं दिसतं."

न्हाव्याचा वस्तरा एका गालावर थांबला. बाबांनी एक पाऊल बाजूला टाकलं आणि हाताने 'या' असं केलं. आई पुढे आली. पदर सारखा केला. शटरमधून आत बघितलं. स्वतःची खोली, खिडकी, खिडकीतलं ऊन आणि मी.

"छान दिसतं," ती म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला काही नको," आणि तीही बाजूला झाली. ताई केव्हाच आत पोळ्या लाटायला गेली होती.

छत्रीवाले पहिले झाले.

ते आत आले. छत्री मिटली. हे मी प्रथमच पाहत होतो; बिनछत्रीचे ते बरेच लहान दिसत. मागे रांग टाचा उंचावून उभी होती. मी जवाहिऱ्यासारखं फडक्यातून एक झाकण काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे धरलं.

त्यांनी झाकण घेतलं. उलटं केलं. भोकातून माझ्याकडे बघितलं. "हे आहे माझ्याकडे," ते म्हणाले.

"कुठून आलं?"

"ते बोलायचं नाही असं ठरलंय."

मी हळूच विचारलं, "'तुझ्यासारखा माणूस मला मिळाला नाही' असं कुणी म्हणालं होतं का?"

छत्रीवाल्यांनी छत्री पुन्हा उघडली. दुकानात. "ते मला म्हणाले होते," ते म्हणाले. "दार लावून."

"मलाही दार लावूनच," मी म्हणालो.

"मला म्हणाले, तुमच्यासारखी बाई," मागून काकूंचा आवाज आला. काकू टोकाला उभ्या होत्या त्या भावोजींच्या कृपेने पुढे आल्या होत्या. "मी पलंगाखाली ठेवलीत. बहिणीलासुद्धा बोलले नाही." त्यांच्या मागून त्यांची बहीण म्हणाली, "मी माळ्यावर."

मग ते रांगेतून मागे मागे जात राहिलं. कुणाच्या पलंगाखाली, कुणाच्या माळ्यावर, कुणी बागेत पुरलेली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघणं टाळलं, जसं सांत्वनाला गेल्यावर टाळतात. आख्खं गाव एका माणसाने एका वाक्यात गुंडाळलं होतं, आणि वाक्यही फार लांब नव्हतं. त्या चादरी टाकलेल्या हातगाड्या मला आता एकेक करून आठवल्या. एकही घर बदललेलं नव्हतं.

मला वाटलं, आता रांग मोडेल. पण छत्रीवाले विचारात पडले होते.

"बरं, मग भांडी कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"भांडी नाहीत हो. झाकणंच आहेत."

"असं कसं? झाकणं तर सगळ्यांकडे आहेत. झाकणांसाठी कोण एवढी रांग लावेल?"

प्रश्न बिनतोड होता. रांगेने त्यावर विचार केला आणि रांगेला ते पटलं. एवढी मोठी रांग उगाच नसते. ज्या अर्थी झाकणं नकोत, त्या अर्थी भांडी आहेत. आणि ज्या अर्थी ती पुढच्या खोलीत दिसत नाहीत, त्या अर्थी मागच्या खोलीत आहेत.

"अरे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" काकू मायेने म्हणाल्या. छत्रीवाले बाहेर जाऊन पुन्हा पहिल्या जागेवर उभे राहिले. "आम्हाला घाई नाही," ते म्हणाले.

भांडी दडवल्याची तक्रार त्याच दिवशी गेली आणि दुसऱ्या दिवशी आर्थिक वाढ मोजणारे अधिकारी आले. हातात कापडी टेप. त्यांनी आधी रांग मोजली. मग न्हाव्याला, शिंप्याला, बातमीवाल्या बाईंना आणि जिन्याखाली भावोजींना भेटले. भावोजींकडे ते बराच वेळ होते. बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे रांगेतली एक जागा होती. मग मागच्या खोलीची झडती झाली. तिथे पाच उशा होत्या, आणि शेगडीवर एक पातेलं, ताटली ठेवलेलं.

"घरात एवढी झाकणं असून ताटली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्याला मूठ नाही," आई म्हणाली. "हात भाजतो."

संपूर्ण उद्योगाबद्दल इतकं नेमकं बोलणारी ती पहिलीच. मला कुणी विचारलंच नव्हतं. मी फक्त गोल आहे का ते बघायचो.

अधिकारी पुढच्या खोलीत येऊन उभे राहिले. "तुमच्या रस्त्यावर वाढ आहे," ते म्हणाले. "आसपासच्या सगळ्या गावांत सर्वांत जास्त."

मी नम्रपणे खाली बघितलं.

"तुमच्यामुळे नाही. तुम्ही सोडून सगळे कमावतायत. ही सगळी वाढ तुमच्या दारापाशी येते आणि अडते. म्हणजे अडथळा तुम्ही."

"मग काढून टाका अडथळा," मी म्हणालो. "मी आनंदाने बंद करतो."

"असं कसं चालेल? अडथळा काढला तर रांग जाईल. रांग गेली तर वाढ जाईल. वरच्यांना काय दाखवायचं?"

"मग असं करा साहेब. एक झाकण तुम्हीच घ्या. बाहेरचं गिऱ्हाईक. एका मिनिटात उघडतो आणि बंद करतो, कुणाला कळणार नाही."

अधिकाऱ्यांनी छताकडे बघितलं. "माझ्याकडे आहेत," ते म्हणाले. "साडूकडून आलीत. कुठे बोलू नका."

तर असं झालं. माझं दुकान उघडता येत नाही, कारण झाकण कुणालाच नको आहे, आणि बंद करता येत नाही, कारण ते उघडलेलं नाही. शिवाय आता त्याला संरक्षण आहे. अडथळा दहा ते पाच जागेवर हजर पाहिजे, असा आदेश आहे. सुट्टी घ्यायची तर बदली अडथळा द्यावा लागतो. बाबा अधूनमधून बसतात, पण त्यांचं रांगेत मन रमतं. भांडी आली तर गावाला किती लागतील याचा अंदाज ते लोकांना विचारून विचारून काढतायत. लोकही आदराने सांगतात.

त्या दिवशी अधिकारी निघाले तेव्हा मी त्यांना एकच विचारलं. "साहेब, दिवसा अडथळा आहे, मान्य. पण रात्री? रात्री तरी आम्ही इथे झोपलो तर?"

"माणसं नाही," ते म्हणाले. "व्यापारी जागेत फक्त माल राहू शकतो."

मी रात्रभर यावर विचार केला. दोनदा वळलो, सगळ्यांबरोबर. आणि सकाळी बाजार-मुक्ती कार्यालयाच्या खिडकीत अर्ज दिला, तो असा:

महोदया, व्यापारी जागेत फक्त माल राहू शकतो, हा नियम अर्जदारास मान्य आहे. तरी अर्जदार, त्याचे आई-वडील, बहीण व तात्पुरते भावोजी यांची नोंद 'न विकलेला माल' या सदरात करून घेऊन, सदर माल रोज रात्री पुढच्या खोलीत, खिडकीच्या बाजूस, आडवा ठेवण्यास परवानगी मिळावी. माल वापरलेला असला तरी चालू स्थितीत आहे व त्यास ऊन, वारा आणि कूस बदलण्याइतकी जागा लागते. गिऱ्हाईक आल्यास अर्जदार व भावोजी हे नग दाखवण्यास हरकत नाही. मात्र आई व वडील हे दोन नग एकत्रच ठेवण्यात यावेत. ते सुटे देता येणार नाहीत. कळावे.